ओकणारे बाळ आणि आपण आजी-आजोबा

या सदरात बहुतेक वेळा आपल्याच दुखण्यांवर लिहिणे होते. गुडघे, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू. या वेळी विषय दोन महिन्यांच्या बाळाचा आहे, तरी तो आपल्यासाठीच आहे. "सिस्टर, जरा विचारू का?" असे म्हणून मला जे फोन येतात, त्यांत हल्ली नातवंडा-पणतवंडांचे प्रश्न बरेच असतात. आणि प्रश्न बहुधा एकच. बाळ पाजले की दूध ओकते, रडते, पाठीची कमान करते, दूध पिता पिता तोंड फिरवते. आईला झोप नाही. डॉक्टर म्हणतात काही नाही, वाढेल तसे थांबेल. तर सिस्टर, काय द्यावे?

माझे मत आधीच सांगून टाकते. बहुतेक घरांत बाळाला काहीही देऊ नये. द्यायचे असेल ते बाळाच्या आईला द्यावे, म्हणजे झोप, जेवण आणि धीर. आणि थोड्या बाळांच्या बाबतीत मात्र एक तासही वाट पाहू नये. या दोन प्रकारांतला फरक ओळखणे एवढेच खरे शिकण्यासारखे आहे. आपल्या पिढीला ते जमायला हवे, कारण बाळ अडखळले की घरातली तरुण मंडळी आधी आपल्याच तोंडाकडे बघतात.

बाळ ओकते का, ते आधी पाहू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचे एक कडे असते, नाडीच्या पिशवीच्या तोंडासारखे. मोठ्या माणसात ती नाडी आवळलेली राहते. बाळात ती अजून सैल असते. त्यात जठर लहान, आहार सगळा पातळ, आणि बाळ दिवसाचा बहुतेक वेळ आडवे. दूध वर येणारच. इंग्लंडमध्ये उपचारांची दिशा ठरवून देणारी 'नाइस' नावाची संस्था आहे. तिने जानेवारी २०१५ मध्ये या विषयावर मार्गदर्शिका काढली. त्यात म्हटले आहे की किमान ४० टक्के बाळे दूध काढतात, हे साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू होते, आणि त्यांतल्या ९० टक्के बाळांचे वर्ष पुरे होण्याआधी आपोआप थांबते. काही बाळे दिवसातून सहा-सहा वेळा ओकतात आणि तरी ठणठणीत असतात. बाळ बसू लागले, उभे राहू लागले, घट्ट अन्न खाऊ लागले की नाडी आवळली जाते. तोवर तो आजार नाही, कपडे धुण्याचे काम आहे.

"पण सिस्टर, सगळेच दूध बाहेर येते हो!" असे सांगतात तेव्हा मी एक प्रयोग करायला सांगते. दोन चमचे दूध मोजून, म्हणजे १० मिलिलिटर, एका स्वच्छ कपड्यावर ओता. केवढा मोठा डाग पडतो ते बघा. ते पाहिल्यावर निम्मी भीती जाते. उरलेल्या भीतीला बाळाचे लाल पुस्तक उत्तर देते. इथे प्रत्येक बाळाला 'रेड बुक' मिळते, त्यात वजनाच्या रेषा आखलेल्या असतात. बाळ आपल्या रेषेच्या आसपास वर सरकत असेल, लंगोट नेहमीसारखे ओले होत असतील, तर दूध पोटात पुरेसे राहते आहे. डाग किती मोठा यापेक्षा काटा काय सांगतो ते महत्त्वाचे.

आता खरे दुखणे. ओकण्याला बऱ्याचदा आपणच हातभार लावतो, आणि तो प्रेमाने लावतो. आपण वाढलो त्या काळात गुटगुटीत बाळ म्हणजे घराची अब्रू होती. मुंबईत सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या. त्यामुळे बाटलीत उरलेले दूध आपल्याला बघवत नाही. "एवढंच राहिलंय, संपव रे राजा," म्हणत आपण ते तोंडात घालतो. डब्याचे दूध पिणाऱ्या बाळाला पहिल्या सहा महिन्यांत साधारण दर किलो वजनामागे दिवसाला १५० ते २०० मिलिलिटर लागते. म्हणजे ४ किलोच्या बाळाला दिवसभराचे मिळून ६०० ते ८००. काही घरांत मी हिशेब मांडायला लावला तेव्हा तो हजाराच्या पुढे गेला. एवढे भरले तर ते उतू जाणारच. अशा बाळाला औषध नको, थोडे थोडे आणि जास्त वेळा दूध हवे. मात्र बाळ वजनाच्या मानाने जास्त पीत असेल तरच मात्रा कमी करायची, उगाच उपाशी ठेवायचे नाही. बाळाने तोंड फिरवले, ओठ मिटले, हात सैल सोडले की त्याचे पोट भरले. त्याला ते कळते. बाटली आडवी धरावी, मधे मधे थांबावे, बाळाला अर्धवट बसते धरावे. बुचाचे भोक फार मोठे असेल तर दूध धो धो येते, फार लहान असेल तर बाळ हवा गिळते. बाटली उलटी करून थेंब कसे पडतात ते एकदा नीट पाहावे.

अंगावर पिणाऱ्या बाळाचे निराळे. तिथे पहिली गोष्ट म्हणजे बाळाने स्तन नीट तोंडात घेतला आहे का, हे जाणकार माणसाने समोर बसून पाहणे. नुसते स्तनाग्र चोखणारे बाळ हवा गिळते, थकते, चिडते, आणि आईला भेगा पडतात. कधी जिभेखालची पडदी आखूड असते, तेही तपासून घ्यावे. हे काम मिडवाइफ, हेल्थ व्हिझिटर किंवा स्तनपानाची सल्लागार करते. आजीने फोनवरून करण्याचे ते काम नव्हे.

आणि इथे मला थोडे रागावून लिहायचे आहे. "तुझं दूध पातळ आहे." "तुझं दूध त्याला बाधतं." "काल माशाचं कालवण खाल्लंस ना, बघ!" ही वाक्ये आपल्या घरांतून अजून गेलेली नाहीत. माझ्या ओळखीच्या एका घरात अशाने बाळंतीण आठवडाभर वरण-भात आणि दुधीवर राहिली. मासे बंद, वांगे बंद, नारळ बंद, डाळ बंद. बाळ ओकायचे ते ओकतच राहिले, आई मात्र वाळली. पाचव्या आठवड्यात तिने अंगावर पाजणे सोडले. सोडायचे नव्हते तिला. आईचे दूध पातळ नसते. बाळाला लागते तसेच असते. थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते, त्यात ओकण्याबरोबर शौचात रक्त किंवा चिकट आव, अंगावर इसब, सतत जुलाब अशी इतर लक्षणे दिसू शकतात. तशी शंका आली तर डॉक्टर आईला काही आठवडे दूध-दही बंद करायला सांगतात आणि मग पुन्हा सुरू करून तपासतात. तो तपास ठरवून करायचा असतो. नणंदेने, सासूने किंवा शेजारणीने एकेक पदार्थ ताटातून उचलून नेणे हा तपास नव्हे. आणि "बकरीचं दूध हलकं असतं" हेही विसरा. गाईचे असो की बकरीचे, साधे दूध पिण्यासाठी म्हणून वर्षाच्या आत द्यायचे नाही.

ग्राइप वॉटरचे नाव निघाल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. ते आपले घरगुती औषध आहे अशी आपली समजूत. पण ते इथलेच, इंग्लंडचे. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये ते काढले. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात हिवतापावर एक औषध देत असत, त्याने रडणारी मुले शांत होतात असे पाहून हे तयार झाले. त्यात शेपूचे तेल, सोडा, साखर होती आणि दारूही होती. मुले गप्प का होत, हे आता सांगायला नको. साम्राज्याबरोबर ती बाटली मुंबईला पोहोचली, तिथून आपल्या आयांच्या फडताळात, आणि आपल्या पिढीबरोबर बोटीने-विमानाने परत इथे आली. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये त्यातली दारू काढली गेली. आता जे उरले आहे त्याने ओकणे थांबते असा पुरावा नाही.

बाळगुटीबद्दल मी हळू बोलते, कारण तो सहाणेचा आवाज माझ्याही कानात आहे. वेखंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन, हळकुंड, जायफळ. पण जायफळाचे वेढे जास्त झाले की बाळ सुस्तावते, आणि सुस्तावलेल्या बाळाला आपण 'बरे वाटले' म्हणतो. सहाण, पाणी, हात यांतून जंतू जातात ते वेगळेच. मधाचे चाटण तर बिलकूल नको. मधात कधी कधी अशा जंतूंचे बीज असते जे वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करते. बाळ मऊ पडते, चोखण्याची शक्ती जाते, श्वासापर्यंत येऊ शकते. मोठ्यांना त्याच मधाने काही होत नाही, म्हणून पटत नाही. रस्क कुस्करून बाटलीत घालण्याची इथली जुनी सवय आणि तांदळाच्या पेजेची आपली, दोन्हींचे तेच. बाटलीत दुधाखेरीज काही घालायचे नाही. वरचे अन्न साधारण सहा महिन्यांनी. इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला २००३ पासून तोच आहे. आपली मुले लहान होती तेव्हा हे वय कमी सांगत, म्हणून आपल्याला चार महिने आठवतात.

सगळ्यात जास्त जीव ज्याच्याशी बांधलेला आहे ते म्हणजे झोपवणे. ओकणाऱ्या बाळाला पालथे निजवावे, म्हणजे घशात अडकणार नाही, असे अजून सांगितले जाते. मी या देशात नोकरीला लागले तेव्हा वॉर्डात बाळे ओळीने पालथी निजवलेली असत. त्या वर्षांत झोपेतच गेलेल्या बाळांच्या, म्हणजे 'कॉट डेथ'च्या बातम्या सतत येत. १९९१ मध्ये टीव्हीवरच्या निवेदिका ॲन डायमंड यांचा चार महिन्यांचा मुलगा असाच गेला. ब्रिस्टलमधल्या संशोधनातून आणि न्यूझीलंडच्या अनुभवातून पालथ्या झोपेचा धोका दिसून आला होता. ॲन डायमंड यांनी आवाज उठवला आणि त्या वर्षाच्या शेवटी बाळांना पाठीवर निजवण्याची देशभर मोहीम सुरू झाली. तेव्हापासून ब्रिटनमध्ये असे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले. कोणत्याही औषधाने एवढे केले नसते. आपल्याकडे देशात बाळाला पाठीवरच निजवत, आणि इथल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत हे मृत्यू गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी असल्याचे १९८०च्या दशकापासून नोंदले गेले आहे. म्हणजे या एका बाबतीत आपल्या आज्या बरोबर होत्या. त्यांची राईची उशी मात्र सोडून द्या. पाळण्यात उशी, गादीचे कडे, मऊ खेळणी काही नको.

पाठीवर निजलेल्या बाळाच्या घशात दूध अडकत नाही का? नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे. बाळ पाठीवर असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध पुन्हा खालीच उतरते. पालथे केले की हे उलट होते. गादीखाली पुस्तके घालून डोके उंच करणे, बाळाला खुर्चीत किंवा कारच्या सीटमध्ये रात्रभर निजवणे, हेही नको. मान पुढे झुकते आणि श्वास कोंडतो. अमेरिकेत तिरकस पाळण्यांत बाळे दगावल्यामुळे २०१९ मध्ये एका प्रकारचे ४७ लाख पाळणे बाजारातून परत घेतले गेले. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे बाळाला खांद्यावर उभे धरा. जागे असताना, कोणाच्या तरी हातात. निजायची वेळ झाली की सपाट आणि पाठीवर.

आता डॉक्टरांच्या औषधांविषयी. तरुण आईबापांच्या तोंडी हल्ली 'सायलेंट रिफ्लक्स' हा शब्द असतो. बाळ ओकत नाही, पण रडते, म्हणजे आम्ल आतल्या आत वर येत असणार. असे कधी असतेही. पण सहाव्या आठवड्याच्या आसपास निरोगी बाळही संध्याकाळी खूप रडते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागले, सगळे जमले की नेमके तेव्हाच! त्या रडण्याला नाव मिळाले की औषध मागितले जाते. 'नाइस'चे म्हणणे स्पष्ट आहे: नुसते दूध ओकणे एवढ्यासाठी आम्ल कमी करणारी औषधे देऊ नयेत. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाजण्याच्या वेळी रडणाऱ्या १६२ बाळांपैकी ८१ जणांना असे औषध दिले आणि ८१ जणांना नुसते नावापुरते. दोन्ही गटांत बरे वाटलेल्या बाळांची संख्या अगदी सारखी निघाली, ४४ आणि ४४. औषधाच्या गटात छातीचे आजार मात्र जास्त झाले, कारण जठरातले आम्ल जंतूंनाही अडवते. रॅनिटिडिनचे सिरप तर वर्षानुवर्षे बाळांना देत होते. २०१९ मध्ये त्यात घातक द्रव्य सापडले आणि ते बाजारातून गेले. बाळाला खरोखर वेदना होत असतील, वजन अडले असेल, तर पायरीपायरीने जायचे असते: आधी पाजण्याची पद्धत सुधारणे, मग डब्याच्या दुधावर असेल तर दाट होणारे दूध, मग एक-दोन आठवडे गॅव्हिस्कॉन इन्फंट, आणि त्यापुढे तज्ज्ञ. गॅव्हिस्कॉन आणि दाट दूध दोन्ही एकाच वेळी देत नाहीत, हे लक्षात ठेवा.

या पायऱ्या चढायला हात धरणारी बाई पूर्वी दारात यायची. हेल्थ व्हिझिटर वेळेवर येत असे, बाळाचे वजन करी, आईचा चेहरा बघे, स्वयंपाकघरात चहा घेऊन चार शब्द ऐके. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये हे काम कौन्सिलांकडे गेले आणि तेव्हापासून त्यांची संख्या खूप घटली. आता कागदोपत्री पाच भेटी ठरलेल्या आहेत, पण त्यांतलीही एखादी फोनवरच उरकली जाते. फोनवर बाळ पाजताना दिसत नाही. मला वाटते की अवेळी लिहून दिलेल्या औषधांचे हे एक मोठे कारण आहे; दहा मिनिटांत जीपी दुसरे काय करणार? म्हणून घरातल्यांनी हट्ट धरावा. आम्हाला औषध नको, बाळ पाजताना कोणीतरी पाहायला हवे, असे स्पष्ट सांगावे. म्हाताऱ्या माणसांचे इथे ऐकतात, हे मी पाहिले आहे.

आता ज्याला वाट पाहायची नाही ते. हे कापून फ्रिजवर लावले तरी चालेल.

ओकारी हिरवी असेल, पुदिन्याच्या चटणीसारखी किंवा पालकासारखी, तर सरळ हॉस्पिटलच्या ए अँड ई विभागात जा. आतड्याला पीळ पडला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. ओला कपडा बरोबर न्या, डॉक्टरांना रंग दिसू द्या. दही फुटल्यासारखे पांढरे किंवा फिके पिवळे दूध वेगळे, त्याने घाबरू नका.

दोन ते आठ आठवड्यांचे बाळ दर वेळी पिचकारीसारखे लांब ओकत असेल, आणि ओकून झाल्यावर लगेच भुकेने पुन्हा मागत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होते. मुलींपेक्षा मुलग्यांत हे चौपट आढळते, बहुधा पहिल्या मुलात. पूर्वी याने बाळे वाळून जात. जर्मनीच्या कॉनराड रामश्टेट यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेली छोटी शस्त्रक्रिया आजही केली जाते आणि बाळ एक-दोन दिवसांत नीट पिऊ लागते. तेव्हा ऑपरेशनच्या नावाने घाबरून उशीर करू नये.

ओकारीत किंवा शौचात रक्त; टाळू फुगलेली; पोट ताठ आणि फुगलेले; लंगोट बराच वेळ कोरडा; बाळ मलूल, हाक मारून डोळे न उघडणारे; तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप; यातले काहीही असेल तर दृष्ट काढत बसू नका. श्वासाला अडचण वाटली, बाळ निळे किंवा मऊ पडले तर ९९९. बाकीच्या शंकेला १११. आणि ओकणे सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झाले किंवा वर्षानंतरही चालू राहिले, तर जीपीची वेळ घ्या.

आईकडेही बघा. ती बाळाला जवळ घ्यायला घाबरते आहे का, रडते आहे का, बाळ झोपले तरी जागीच आहे का? अशा वेळी "आम्ही नाही का वाढवली चार-चार?" हे वाक्य गिळून टाका. आपण वाढवली तेव्हा चाळीत दहा हात होते. तिच्याजवळ दोन आहेत, आणि बाळाच्या बापाची पंधरा दिवसांची रजा ब्रिथ मिला आणि पाहुण्यांतच संपलेली असते. कोणालाही रडण्याने असह्य झाले तर बाळाला सुरक्षित पाळण्यात ठेवून दुसऱ्या खोलीत जावे, दहा मिनिटांनी परत यावे. बाळाला रागाने हलवायचे नाही, कधीही नाही. हे बापालाही सांगा, त्याला कोणी सांगत नाही.

ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. पाजून झाल्यावर अर्धा तास बाळाला खांद्यावर धरून खुर्चीत बसणे हे आजोबांसाठी उत्तम काम आहे. फक्त डोळा लागत असेल तर बाळ आधी दुसऱ्याच्या हातात द्या, सोफ्यावर बाळासकट झोपणे धोक्याचे. मलमलीचे कपडे डझनभर घेऊन जा, बाळंतविड्यात त्यापेक्षा उपयोगी काही नसते. डबा न्या, आणि त्यात माशाचे कालवणही असू द्या. निघताना ओल्या कपड्यांची पिशवी बरोबर घ्या. ओकणाऱ्या बाळाच्या घरी रोज दोन मशीन धुणे निघते.